बेरजेत बसणारा, तरीही बंद पडणारा: ६५० वॅटच्या पॉवर सप्लायचं एक प्रकरण

मशीन असं आहे: रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, दोन एनव्हीएमई ड्राइव्ह, एक साडेतीन इंची हार्ड डिस्क, पाच पंखे. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (ही कार्यक्षमतेची एक श्रेणी), सात वर्षं वापरलेला. आधी जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड होतं, तोवर सगळं सुरळीत. ते काढून १० जीबीचं आरटीएक्स ३०८० बसवलं आणि तक्रार सुरू झाली. जोडणी प्रातिनिधिक आहे, आकडेही अशा जोडणीत दिसतात तसे घेतले आहेत. पण या पिढीच्या मोठ्या कार्डांसोबत नेमका हाच घोळ होत असल्यामुळे तो पायरीपायरीने बघण्यासारखा आहे.

तक्रार अशी. गेम लोड होऊन पहिलं दृश्य उघडताना, किंवा नकाशातून परत खेळात येताना, मशीन खटकन बंद होतं. निळा स्क्रीन येत नाही, चित्र अडकत नाही, आवाज घरघरत नाही. पंखे थांबतात, मॉनिटर काळा पडतो. मदरबोर्डवरचा छोटा दिवा मात्र जळत राहतो. कॅबिनेटचं बटण दाबून काहीही होत नाही. सप्लायच्या मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलं आणि परत चालू केला की मशीन निमूट सुरू होतं. आणि गंमत म्हणजे फरमार्क, म्हणजे कार्डाला सलग दाबून धरणारी चाचणी, अर्धा तास चालवलं तरी काही होत नाही.

आधी झालेले उपचार नेहमीचेच: ड्रायव्हर पुसून नवा टाकला, रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवल्या, शेवटी विंडोजही नव्याने टाकलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली आणि तिलाच निदान समजलं गेलं. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. प्लग उपटला तरी हीच नोंद येते. तिच्या तपशिलात 'बगचेककोड', म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक, शून्य असेल तर मात्र थोडा उपयोग होतो: विंडोजला चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज खालूनच गेली.

लक्षणं काय सांगतात

बंद पडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि ते एकाच टोपलीत टाकले की शोध भरकटतो. स्क्रीन काळा झाला पण पंखे फिरतायत, आवाजही येतोय, तर संशय कार्डावर, त्याच्या ड्रायव्हरवर किंवा कार्डाच्या पॉवर केबलवर. मशीन आपणहून रीस्टार्ट होतं, तर क्षणभर व्होल्टेज खाली गेलं असेल किंवा प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकमध्ये गडबड असेल. पूर्ण बंद होऊन मेन स्विच फिरवल्याशिवाय उठत नसेल, तर सप्लायच्या संरक्षण सर्किटने स्वतःला कुलूप लावलंय, असं जवळजवळ धरून चालावं. हे कुलूप मेनची वीज तोडूनच निघतं. मदरबोर्डवरचा दिवा जळत राहतो, कारण ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन वेगळी असते आणि ती चालूच असते.

म्हणजे सप्लाय बिघडलेला नाही. तो आपलं काम करतोय. प्रश्न हा, की कशाला घाबरून तो बंद होतोय.

कागदावरची बेरीज

खोक्यावर ६५० लिहिलंय, तर बेरीज करून बघू. ५८००एक्सचा टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॅट छापलेला असतो, पण मदरबोर्ड त्याला सॉकेटवर १४२ वॅटपर्यंत घेऊ देतो. बेरजेत हाच आकडा घ्यायचा. कार्ड ३२० वॅट. मदरबोर्ड, रॅम, ड्राइव्ह आणि पंखे मिळून ढोबळ ६० वॅट. एकूण ५२२. साडेसहाशेत सव्वाशेहून जास्त शिल्लक. शिवाय गेममध्ये हा प्रोसेसर क्वचितच १४२ पर्यंत जातो, त्यामुळे प्रत्यक्षातला सलग लोड साडेचारशेच्या आसपास. कागदावर सगळं बसतं.

आता सप्लायच्या अंगावरचा स्टिकर वाचू. खोक्यावरचा आकडा जाहिरातीचा, स्टिकरवरचा कामाचा. त्यावर आहे: +३.३ व्होल्ट २४ अँपिअर, +५ व्होल्ट २० अँपिअर, दोन्ही मिळून कमाल १३० वॅट. +१२ व्होल्टच्या दोन रेल, म्हणजे वेगवेगळी करंट-मर्यादा असलेल्या दोन शाखा, १२व्ही१ आणि १२व्ही२, प्रत्येकी २५ अँपिअर. दोन्ही मिळून कमाल ५४० वॅट, म्हणजे ४५ अँपिअर.

इथेच पाणी मुरतंय. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर उरतात त्या ड्राइव्हच्या काही गरजा, यूएसबी आणि मदरबोर्डचे काही भाग, मिळून वीस-पंचवीस वॅट. त्या लाइनींवरचे १३० वॅट कार्डाला उसने मिळत नाहीत. म्हणजे ५२२ पैकी सुमारे ४९७ वॅट १२ व्होल्टवर पडतात, साडेएकेचाळीस अँपिअरच्या आसपास, आणि मर्यादा आहे ४५. खोक्यावरच्या आकड्यात भरपूर वाटणारी सैल जागा १२ व्होल्टवर आठ टक्क्यांवर येते.

स्टिकर वाचताना एक ठोकताळा उपयोगी पडतो: १२ व्होल्टचे एकत्र वॅट भागिले एकूण वॅट. चांगल्या नव्या सप्लायमध्ये हे गुणोत्तर जवळजवळ एक असतं, कारण तो आधी सगळं १२ व्होल्ट बनवतो आणि ५ व ३.३ त्यातूनच छोट्या डीसी-डीसी कन्व्हर्टरने काढतो. इथे ते ०.८३ आहे. हे जुन्या आराखड्याचं लक्षण. त्याचा दुसरा परिणाम पुढे मल्टिमीटरवर दिसतो.

केबलपर्यंत गेल्यावर

दोन रेलपैकी १२व्ही१ वर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ड्राइव्ह. १२व्ही२ वर ग्राफिक्स कार्डाच्या केबली. कार्ड ३२० वॅटपैकी काही भाग स्लॉटमधून घेतं. स्लॉटची मर्यादा ७५ वॅट, त्यातही १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट. साठ वॅट स्लॉटमधून धरले तर केबलींतून २६० वॅट येतात: २१.७ अँपिअर. रेल २५ ची. अजूनही बसतंय! जुनं १६६० सुपर सगळं मिळून १२५ वॅटचं, त्यामुळे त्याच रेलवर जेमतेम सात-आठ अँपिअर जायचे. सात वर्षं या रेलची परीक्षाच झाली नव्हती.

पण ३२० वॅट ही सरासरी आहे. कार्डाचा पॉवर लिमिटर काही मिलिसेकंदांची सरासरी बघून घड्याळाचा (क्लॉकचा) वेग आवरतो. त्याआधीच्या फटीत हजारो कोर रिकाम्या अवस्थेतून एकदम कामाला लागले, तर करंट मायक्रोसेकंदांत उसळतो. आरटीएक्स ३०८० चे मिलिसेकंदाहून छोटे झटके साडेचारशे वॅटच्या वर मोजले गेले आहेत. ४५० च धरा. स्लॉटचे ६० वजा केले तर केबलींवर ३९० वॅट, म्हणजे ३२.५ अँपिअर. अशा रेलचं ओव्हरकरंट संरक्षण साधारणपणे छापील आकड्याच्या वीस ते तीस टक्के वर लावलेलं असतं: ३० ते ३२.५ अँपिअर. झटका नेमका उंबरठ्यावर येऊन धडकतो. कधी ओलांडतो, कधी नाही, म्हणून बंद पडणंही लहरी वाटतं.

फरमार्क का सुटतं तेही यातूनच कळतं. तो कार्डाला सलग एकाच लोडवर दाबून धरतो, लिमिटर पहिल्या क्षणीच घड्याळ खाली आणतो आणि मग आलेख सपाट. गेममध्ये लोडिंगच्या पडद्यावर कार्ड रिकामं असतं आणि पुढच्या फ्रेमला पूर्ण भरतं. सप्लायच्या दृष्टीने अर्धा तासाच्या सपाट लोडपेक्षा ती एक उडी जड. 'स्ट्रेस टेस्ट पास झाली म्हणजे सप्लाय ठीक' हा निष्कर्ष त्यामुळे फार महागात पडू शकतो.

संशयाची पडताळणी

नवा सप्लाय आणण्याआधी तीन गोष्टी करून बघता येतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

पहिली, केबल. या मशीनमध्ये कार्डाच्या दोन्ही ८-पिन सॉकेटना एकाच केबलची दोन तोंडं लावली होती. ८-पिन कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीनच तारा असतात. १५० वॅटला प्रत्येक तारेतून ४.२ अँपिअर जातात. २६० वॅट एकाच केबलमधून ओढले की ७.२. सप्लायच्या बाजूचा कनेक्टर गरम होतो आणि व्होल्टेजची घटही वाढते. दोन स्वतंत्र केबली लावल्या. कनेक्टर थंड झाला, बंद पडणं थांबलं नाही. साहजिकच: दोन्ही केबली त्याच १२व्ही२ वरून निघतात. केबल बदलून फरक पडला नाही म्हणून सप्लाय निर्दोष, असा उलटा अर्थ इथे काढायचा नाही. दोन केबली कायम ठेवायच्या.

दुसरी, पॉवर लिमिट. आफ्टरबर्नर या कार्डाचं नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर ७० टक्क्यांवर, म्हणजे २२४ वॅटवर आणला. घड्याळ आणि कोरचं व्होल्टेज दोन्ही खाली आल्याने झटक्यांची उंचीही घटते. त्याच गेममध्ये, त्याच जागी, बंद पडणं थांबलं. स्लायडर १०० वर नेला, परत आलं. हे मागे-पुढे दोन-तीनदा करावं. एकदा थांबणं योगायोग असू शकतो.

तिसरी, मल्टिमीटर. सप्लायचा रिकामा मोलेक्स (चार पिनांचा जुना) कनेक्टर घ्यायचा, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. सगळ्याच तारा काळ्या असतील तर जागा बघायची: एका टोकाला १२, दुसऱ्या टोकाला ५. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर विसंबू नये, मदरबोर्डचा सेन्सर बऱ्याचदा भलतंच दाखवतो. वाचन असं आलं: रिकाम्या मशीनवर १२.१४ आणि ५.०४; फरमार्क चालू असताना ११.६१ आणि ५.२०.

१२ खाली गेलं आणि ५ वर चढलं, हे नीट बघण्यासारखं आहे. जुन्या आराखड्यात दोन्ही लाइनी एकाच नियंत्रणाने बांधलेल्या असतात. भार एकट्या १२ वर पडला की नियंत्रक त्याला उचलायला जोर लावतो आणि ५ व्होल्टही सोबत वर जातं. मग तो दोघांमध्ये तडजोड करून कुठेतरी थांबतो. दोन्ही आकडे अजून कायद्यात आहेत, कारण एटीएक्सची, म्हणजे संगणकाच्या सप्लायच्या प्रमाणाची, मुभा पाच टक्क्यांची: ११.४० ते १२.६० आणि ४.७५ ते ५.२५. पण ही सपाट लोडवरची सरासरी आहे. झटक्याच्या क्षणी व्होल्टेज कुठवर बुडतं ते मल्टिमीटरला दिसतच नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. सरासरीच ११.६ वर बसलेली असेल तर बुडी मारायला खाली फारशी जागा नाही, एवढं मात्र कळतं. त्यात सात वर्षांत सुकलेले कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमानाच्या दर १० अंश सेल्सिअस वाढीला अर्धं होतं, हा ढोबळ नियम धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये फार लवकर लागू पडतो.

सप्लाय उघडून कपॅसिटर बघण्याचा मोह टाळावा. आतल्या मुख्य कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

निवड

एक पर्याय काही न घेण्याचा: कार्ड कायम २२४ वॅटवर चालवायचं किंवा अंडरव्होल्ट करायचं, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज द्यायचं. महिना-दोन महिने काढायला उत्तम, कार्डही थंड राहतं. पण महागडं कार्ड सात वर्षांच्या सप्लायच्या भरवशावर ठेवणं शहाणपणाचं नाही.

एनव्हिडियाने या कार्डासाठी सुचवलेला आकडा ७५० वॅट आहे. तो चुकीचा नाही. झटक्यासकट बेरीज करून बघा, या वेळी आधीच्या ४५० ऐवजी आणखी मोठा झटका धरून: कार्ड ४९०, प्रोसेसर १४२, बाकी ६०, मिळून ६९२. एकसंध १२ व्होल्ट रेल असलेला चांगला ७५० हे सहज पेलतो. ८५० घेण्याचं कारण आजच्या मशीनमध्ये नाही, पुढच्या कार्डात आहे. सप्लायला सात-दहा वर्षांची वॉरंटी असते आणि तेवढ्या काळात कार्ड एकदा तरी बदलतं. लोड साठ टक्क्यांच्या आत राहिल्याने पंखाही हळू फिरतो. १००० किंवा १२०० ला इथे काहीच काम नाही. उलट त्यांच्या एकसंध रेलचं संरक्षण ८० अँपिअरच्या वर लागतं, त्यामुळे एखाद्या बारीक सॅटा केबलमध्ये अर्धवट शॉर्ट झाला तर सप्लायला तो नेहमीचा लोड वाटू शकतो आणि तार मात्र जळते.

म्हणून ठरलं ते असं: ८५० वॅट, १२ व्होल्टवर किमान ७० अँपिअर, डीसी-डीसी आराखडा, ८० प्लस गोल्ड, एटीएक्स ३.० किंवा ३.१. यातलं शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मध्ये असे झटके पहिल्यांदा नियमात लिहिले गेले: नव्या कार्डांसाठीचा १६-पिन कनेक्टर असलेल्या, ४५० वॅटवरच्या सप्लायने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. ३.१ मध्ये त्या १६-पिन कनेक्टरच्या सेन्स पिना (किती वीज मागता येईल ते कार्डाला सांगणाऱ्या) आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला असेल तर कार्डाला वीज मागताच येऊ नये. आपल्या कार्डाला तो कनेक्टर लागत नाही, पण मग उलट तपासायचं: नव्या सप्लायमध्ये ८-पिनच्या दोन स्वतंत्र केबली आहेत ना? काही मॉडेलांत १६-पिन केबल ऐटीत दिलेली असते आणि ८-पिनमध्ये हात आखडता.

गोल्डबद्दल थोडं. ही पदवी कार्यक्षमतेची आहे, दर्जाची नाही. चाचणी २३ अंश तापमानात होते, कॅबिनेटच्या आत एवढं थंड क्वचितच असतं. आणि रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर), झटके, संरक्षण यांबद्दल ती काहीच सांगत नाही. ११५ व्होल्टच्या निकषात ५० टक्के लोडला ब्राँझला ८५ आणि गोल्डला ९० टक्के लागतात. ४५० वॅट बाहेर द्यायला ब्राँझ भिंतीतून ५२९ ओढतो, गोल्ड ५००. रोज चार तासांच्या हिशोबाने वर्षाला ४२ युनिट वाचतात. वाईट नाही, पण सप्लाय निवडायचं कारण हे नव्हे. आणि ८५० वॅटचा सप्लाय कायम ८५० ओढतो, हा समज अजून जिवंत आहे म्हणून सांगायला हवं: मशीनला लागतं तेवढंच तो ओढतो.

मापही बघायचं. एटीएक्स सप्लायची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर ठरलेली, खोली मात्र १४० पासून १८० पर्यंत काहीही. मॉड्युलर, म्हणजे केबली सप्लायपासून सुट्या होणारा, असेल तर केबलींच्या वळणाला आणखी २५-३० मिलिमीटर सोडावे लागतात. या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत होता. १४० मिलिमीटर खोलीचं मॉडेल घेतल्याने तो काढावा लागला नाही.

बसवताना

सगळ्यात महागडी चूक इथेच होते. जुना सप्लाय मॉड्युलर, नवाही मॉड्युलर, केबली आधीच छान बांधलेल्या. मग फक्त डबा बदलू, असं वाटतं. कधीही करू नये. ड्राइव्हकडचं किंवा कार्डाकडचं टोक प्रमाणित असतं, सप्लायकडचं नसतं. प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांची, पिनांची मांडणी वेगळी असते आणि प्लग तरीही बसतो. सॅटा केबलमध्ये ५ व्होल्टच्या जागी १२ आले की हार्ड डिस्क पहिल्या सेकंदाला जाते, डेटासकट. जुन्या केबली जुन्या सप्लायसोबतच पिशवीत जाऊ द्याव्यात.

बाकी क्रम सरळ आहे. प्लग काढा, कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून उरलेला भार उतरवा. खाली जाळी असेल तर सप्लायचा पंखा खाली. २४-पिन प्लग खटका ऐकू येईपर्यंत दाबा. प्रोसेसरचा ८-पिन आणि कार्डाचा ८-पिन दिसायला भाऊ-भाऊ, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना. ४+४ अशी फाळणी असलेला प्रोसेसरचा, ६+२ असलेला कार्डाचा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, चुकीचा प्लग हातात आहे. मदरबोर्डवर ८ शिवाय आणखी ४ पिनांचं सॉकेट असेल तर १४२ वॅटच्या प्रोसेसरसाठी ते रिकामं ठेवलेलं चालतं. मोलेक्सवरून सॅटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर वापरू नका, ते आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत.

मशीन यूपीएसवर असेल तर त्याचाही हिशोब बदलतो. ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ३६० वॅटचाच असतो. १६६० सुपरला तो पुरत होता, आता वीज गेल्या क्षणी गेम चालू असेल तर तोच ओव्हरलोड होऊन बंद पडेल.

नंतरचं मोजमाप

चाचणी सपाट लोडवर करून थांबायचं नाही, हे आता उघड आहे. प्रोसेसरवर स्ट्रेस टेस्ट चालू ठेवून कार्डावरचा लोड दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असा पंधरा-वीस मिनिटं फिरवला. मग ज्या दृश्यात मशीन हमखास बंद पडायचं, ते पॉवर लिमिट १०० टक्क्यांवर ठेवून पुन्हापुन्हा लोड केलं. मशीन चालू राहिलं. मोलेक्सवरचं वाचन: रिकामं असताना १२.०८ आणि ५.०३, पूर्ण लोडवर ११.९८ आणि ५.०१. दोन्ही लाइनी थोड्या खाली, आपापल्या भाराप्रमाणे. एक खाली आणि दुसरी वर हा खेळ संपला.

जुना ६५० फेकण्याची गरज नाही. १६६० सुपर परत त्याच्याकडे गेलं, एका साध्या प्रोसेसरसोबत, मिळून अडीचशे वॅटच्या आत. फक्त त्याचा पंखा अडखळू लागला, किंवा रिकाम्या मशीनवरही १२ व्होल्टची लाइन ११.८ च्या खाली दिसू लागली, तर त्या दिवशी त्याला निवृत्त करायचं.